बैलांची सुट्टी

माझा बाप गावात फार आवडता माणूस होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की गावानं त्याला वाळीत टाकलं असेल. तसं काही नव्हतं. लग्नाच्या पंगतीत वाढायला तो पुढे, मयतीची लाकडं फोडायला तो पुढे, कोणाची गाय अडली तर रातोरात तिच्याजवळ बसायलाही तोच. अमडापूरच्या बाजारात आमच्या वांग्यांभोवती गर्दी व्हायची ती वांग्यांमुळे कमी आणि त्याच्या बोलण्यामुळे जास्त. बाया वांगी घ्यायच्या, हसायच्या, आणि जाताना मायकडे बघून म्हणायच्या, "बाई, तुह्या घरी तं रोजच हसनं असन." माय तराजू धरून बसलेली असायची. तीही हसायची. बाजारात हसायला तिला काही अडचण नव्हती.

आमचा मळा गावापासून हाकेच्या अंतरावर, नाल्याच्या काठी. वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. विहिरीवर मोट, आणि मोटेला हरण्या आणि बाळ्या हे दोन बैल. राज्य तेव्हा नवं झालेलं होतं आणि राज्यात दारूबंदी होती. त्यामुळे आमच्या नाल्यावर दारू फक्त तीन ठिकाणी मिळायची. बाच्या पिण्याला सुरुवात कशी झाली ते मला माहीत नाही. मला कळायला लागलं तेव्हा ते जुनंच झालेलं होतं, जसं घराचं छप्पर आपण कळते झालो तेव्हा असतंच.

तो येतोय हे आम्ही डोळ्यांनी कधी पाहिलं नाही, कानांनी ऐकलं. गाणं गुणगुणत आला तर थोडी झालेली आहे, काळजी नाही. खोकत आला तर बरी झालेली आहे, पोरांनी मागच्या खोलीत जावं. आणि काहीच आवाज न करता आला, नुसती फाटकाची कडी वाजली, की माय हातातलं काम खाली ठेवायची आणि डोक्यावरचा पदर घट्ट करायची. त्याला ताट उडवायची सवय होती. म्हणून माय आम्हाला, मला आणि माझ्या लहान्या भावाला, गजूला, दिवस मावळायच्या आत जेवू घालायची. भाकर, मिरचीचा ठेचा, वांग्याची भाजी, आणि वर सांगायची, चावून खा पण लवकर खा. अख्खं बालपण आम्ही सूर्यास्ताच्या आधी जेवलो. आता बुलडाण्याचा डॉक्टर मला हेच करायला सांगतो आणि त्याचे पैसे घेतो.

मारायचा तो मायला. मला कमी, गजूला क्वचित. कारण काहीही चालायचं. माय बीबी गावाकडची. तिकडं बोली जालन्याकडे झुकते, "मले" नाही, "मला" म्हणतात. शुद्धीत असताना तो तिला "पुण्याची बाई" म्हणून चिडवायचा आणि तीही लाजायची. पिऊन आला की त्याच "मला"वरून तिचे केस धरायचा. आमच्या भिंतीला लागून जनाकाकूचं घर. आमच्याकडे आवाज सुरू झाला की जनाकाकू खलबत्ता घेऊन मिरच्या कुटायला बसायची. धडाधड. तिला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि आम्हाला कळू नये की तिला ऐकू गेलं म्हणून. गाव आमचं असं सभ्य होतं. इतक्या मिरच्या त्या घरात लागत नव्हत्या, हे मी शपथेवर सांगते.

मात्र बैलांना त्यानं कधी हात लावला नाही. हरण्याला नाव घेऊन हाका मारायचा, बाळ्याच्या कानामागे खाजवत बसायचा, आणि पराणी, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली बैल हाकायची काठी, नुसती हातात धरायचा. टोचायची वेळ आणायचा नाही. मोटेवर त्याला पाहिलं की वाटायचं, हा माणूस आमच्याकडे का येत नाही. हे मी तेव्हा मायला बोलून दाखवलं होतं. ती म्हणाली, "बैल उलटून बोलत नाहीत." जरा थांबून म्हणाली, "मी तरी कुठं बोलते."

वर्षातला एक दिवस आमच्या घराला सुट्टी असायची. पोळा. आदल्या संध्याकाळी बा बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायचा, पळसाच्या पानांनी शेकायचा, आणि दोघांच्या कानाशी जाऊन हळू आवाजात म्हणायचा, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, अंगावर काठी उगारायची नाही. म्हणून आमच्याकडे पराणी धुवून, तिला हळद लावून घरातल्या खुंटीला टांगली जायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला कोणी शिवायचं नाही. ज्यानं बैल तोरणाखाली न्यायचे त्यानं उपाशी राहायचं, आणि बा पाणी सोडून काही प्यायचा नाही. त्या दिवशी माय पुरण वाटताना गाणं म्हणायची. वर्षभर मी पोळ्याची वाट पाहायची, आणि लोकांना वाटायचं पोरीला पुरणपोळी फार आवडते.

आणि संध्याकाळी झडत्या. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली सगळ्या गावाच्या जोड्या सजून उभ्या राहतात, आणि तोरण तुटायच्या आधी एकेक जण पुढे येऊन झडती म्हणतो. चार ओळींचा टोमणा असतो तो. पाटलाला असो, मास्तरला असो, कोणालाही. शेवटी म्हणणारा "हर बोला" म्हणतो आणि साऱ्यांनी मिळून "हर हर महादेव" म्हणायचं. ज्याला टोमणा बसला त्यानंही म्हणायचं, आणि रागवायचं नाही. रागावला तो हरला. ही रीत माझ्या बापासाठीच केलेली असावी. त्याची झडती सगळ्यात शेवटी व्हायची आणि तिच्यासाठी लोक थांबायचे. पोळ्याच्या आठ दिवस आधीपासून तो मोटेवर ओळी जुळवत असायचा.

मी पंधरा वर्षांची होते त्या वर्षी त्याच्या दोन ओळी झाल्या होत्या. वाफ्यात मेथी खुडता खुडता मला त्या पाठ झाल्या होत्या. पुढच्या दोन काही केल्या जुळेनात. तो चिडचिड करायचा, मोट मध्येच थांबवायचा, पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा. मला आता वाटतं, त्या दोन ओळी त्याला वेळेवर सुचल्या असत्या तर हे प्रकरण मला लिहावं लागलं नसतं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी तो बैल धुवायला नाल्यावर गेला. बैल धुवून आले, चकचकीत, आणि त्यांच्यामागे बा आला. फाटकाची कडी वाजली. दुसरा काहीच आवाज झाला नाही. मायचे हात पुरणात होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर भीती नव्हती, नवल होतं. पोळ्यालासुद्धा, असं ते नवल होतं. ती उठून म्हणाली, "अहो, आज तर सण आहे." त्यानं एवढंच विचारलं, "मले शिकवतं?" आणि मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं, हाताला काही लागेना, आणि खुंटीवरची पराणी काढली. हळद लावलेली. उजव्या खांद्यावर बसली ती. दोनदा. भिंतीपलीकडे खलबत्ता सुरू झाला, सणाच्या दिवशी, सकाळी दहा वाजता. मी मध्ये पडले नाही. गजूला पोटाशी धरून कोठीमागे उभी राहिले, आणि हे मी नेहमी सांगते त्या गोष्टीत सांगत नाही, इथे लिहून ठेवते.

नंतर तो ओसरीवर झोपला. माय उठली, हात धुतले आणि पुरण वाटायला बसली. उजवा हात उचलेना, तर डाव्या हातानं वाटलं. दुपारी तिनं आणि मी मिळून बैलांची शिंगं रंगवली, बेगड चिकटवला, झुली घातल्या. बा उठेना. तिकडे ढोल वाजायला लागले. माय म्हणाली, "यमे, बैल तू ने."

मी म्हणाले, "मी? पोरी नाही जात तोरनाखाली."

"बैल नाही गेले तर गावाला कळंल. तू ने. कोणी विचारलं तर बाला ताप आला म्हण." तिनं माझी वेणी घट्ट केली, कपाळाला कुंकू लावलं. जे साऱ्या गावाला माहीत होतं ते गावाला कळू नये म्हणून तिनं मला गावासमोर उभं केलं. हे असं फक्त आमच्या घरातच होऊ शकत होतं.

दोन्ही हातांत दोन कासरे धरून मी गेले. हरण्या आणि बाळ्या शहाण्यासारखे चालले. देवळासमोर पोचले तर लोकांनी जागा करून दिली. झडत्या सुरू होत्या. शेवटी पाटील, पागोटं बांधलेले, म्हातारे आणि मनानं वाईट नव्हेत, माझ्याकडे वळले. "काय वं, बाप कुठं गेला?"

"ताप आला," मी म्हणाले.

आणि सगळे हसले. मोठ्यानं नाही. खाली मान घालून, ओठ दाबून, एकमेकांकडे न बघता. ते हसू मला अजून दिसतं. मोठ्यानं हसले असते तर मी रडत घरी गेले असते. पाटील म्हणाले, "ताप तं त्याले बारा महिने असते. पन झडती राह्यली ना त्याची. बापाच्या बदली आली, तं म्हन आता."

ते गमतीनं म्हणाले होते. पोरगी लाजेल, बैल पुढे नेईल, तोरण तुटेल, असं त्यांच्या मनात होतं. माझ्या मनात काय होतं ते खरंच सांगते: काहीच नव्हतं. तोंड उघडलं तर बाच्या दोन ओळी आल्या, कारण त्या पाठ होत्या. आणि त्या संपल्या तेव्हा पुढच्या दोन तिथेच उभ्या होत्या.

"बारा महिने वढला नांगर, बैलाले आज सुट्टी,
शिंगाले बेगड, पाठीले झूल, पुरनाची पोळी मोठी.
परानी आमची टांगली होती हळद लावून खुंटी,
बापानं काढली मायसाठी, तिले कधी भेटन सुट्टी?"

आणि मी म्हणाले, "हर बोला."

जयजयकार उठलाच नाही. ढोलवाल्याचा हात वरच राहिला. पाटलांनी पागोटं नीट केलं, जे आधीच नीट होतं. रीत अशी की जयजयकार झाल्याशिवाय झडती पुरी होत नाही आणि झडती पुरी झाल्याशिवाय तोरण तुटत नाही. साऱ्या गावाच्या जोड्या शिंगं रंगवून खोळंबल्या होत्या आणि गाव जमिनीकडे बघत होतं. बाळ्यानं एकदा मान हलवली तेवढी घुंगरं वाजली.

तेवढ्यात गर्दीच्या मागून, खणखणीत आवाजात, कोणीतरी ओरडलं, "हर हर महादेव."

माझा बाप होता तो. ढोलानं जाग येऊन, आपली झडती हुकली म्हणून धडपडत आला होता, मुंडासं वाकडं. त्यानं पहिल्या दोन ओळी ऐकल्या होत्या, त्या आपल्याच आहेत हे ओळखलं होतं, आणि पुढचं काही डोक्यात शिरलंच नव्हतं. त्याचा चेहरा अभिमानानं फुलला होता. शेजारच्याला तो विचारत होता, "झकास जमली ना? माही पोरगी हाये ते."

त्यानं म्हटल्यावर गावाला म्हणावं लागलं. हर हर महादेव झालं, पाटलांनी तोरण तोडलं, मी बैल घेऊन घरी आले. बातमी बैलांच्या आधी पोचली होती. माय दारात ताट घेऊन उभी होती. तिनं हरण्या-बाळ्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, आरती उजव्या हातानंच ओवाळली, कारण डाव्यानं ओवाळत नाहीत. ताट हलत होतं. दोघांना पोळी खाऊ घातली. मग ताट खाली ठेवून तिनं माझ्या तोंडात मारली. "घरातलं तोरणाखाली नेलंस," ती म्हणाली. आयुष्यात मायनं मला एकदाच मारलं. बापाचे फटके मला एकेक असे आठवत नाहीत, हा एक आठवतो. दुखला म्हणून नाही. मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल.

गाव सभ्य असल्यामुळे बाला कोणी काही सांगितलं नाही. पोरं मात्र सभ्य नसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फाटकासमोर चारपाच पोरं टिपरी खेळताना ठेक्यात माझी झडती म्हणत होती, अख्खी. बा ओसरीवर चहा पीत होता. पहिल्या दोन ओळींना त्यानं मान डोलावली. मग त्याची मान थांबली. त्यानं चहा संपवला. मग त्यानं मला हाक मारली.

"यमे, म्हन."

माय चुलीपासून उठून दारात आली. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि म्हटली. त्यानं डोळे मिटून ऐकली, तो भजन ऐकायचा तशी.

"पहिल्या दोन माह्या हायेत," तो म्हणाला.

"हाव," मी म्हणाले.

"त्या कच्च्या होत्या. 'पोळी मोठी' हे नुसती भरती हाये, तिथं काई दम नाई." त्यानं बशी खाली ठेवली. "खालच्या दोन पक्क्या हायेत." आणि उठून मळ्यात निघून गेला. जाताना मायकडे पाहिलं नाही.

माझ्या बापानं माफी मागितली ती एवढीच, आणि तीही व्याकरण तपासल्यासारखी. माझी नात विचारते, आजी, मग ते सुधारले का? सुधारले असं लिहिलं तर प्रकरण छान होईल. पण तो पीत राहिला, मरेपर्यंत. हात उचलणं एकदम थांबलं असंही नाही. फरक एवढाच पडला की आता आमच्या घरातून आवाज आला की गल्लीतून कोणतंतरी पोरगं "बारा महिने वढला नांगर" सुरू करायचं, आणि कधीकधी त्याचा हात अर्ध्यातच राहायचा. पुढच्या दोन ओळी आठवून तो थांबायचा की आपली ही ओळ कच्ची राहिली म्हणून, हे मला कळलं नाही. आणि जनाकाकूनं मिरच्या कुटणं सोडलं. ती आता आवाज आला की बाहेर येऊन अंगणात उभी राहायची. नुसती उभी, कमरेवर हात ठेवून. त्याचा उपयोग खलबत्त्यापेक्षा जास्त झाला. मला तिचा राग होता, तो त्या वर्षी गेला.

मायचा खांदा मात्र गेला तो गेलाच. भरलेली घागर तिला पुन्हा डोक्यावर घेता आली नाही. ती मी आणायची. मी पुढे ज्यांच्याशी लग्न केलं ते सुपारीसुद्धा खात नव्हते. त्याचाही माणसाला कंटाळा येतो, पण तो कंटाळा मी फार जपून ठेवला.

पुढच्या वर्षीचा पोळा आला. आदल्या संध्याकाळी बा न पिता गोठ्यात गेला. मी कंदील धरून उभी. हळद-तूप कालवलेली वाटी घेऊन त्यानं हरण्याचा खांदा मळला, मग बाळ्याचा, दोघांच्या कानात आवतन दिलं. वाटीत थोडं उरलं. एरवी तो ते जुवाला पुसायचा. त्या दिवशी वाटी घेऊन तो घरात आला आणि माय चुलीसमोर बसली होती तिच्या मागे जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "तुह्या खांद्याले लावून देऊ का?"

माय मागे वळली नाही. भाकर उलटली, फुगू दिली, उतरवली. मग म्हणाली, "मी बैल नाही."

तो तसाच उभा. ती म्हणाली, "लावायचंच असंल तर हात धुवा आधी. आणि ती पराणी काढा खुंटीवरची. इकडं द्या."

ती नुकतीच धुवून, हळद लावून टांगलेली होती. त्यानं काढली. पुन्हा तोच माणूस, तीच काठी, तीच चूल. त्यानं ती तिच्या हातात दिली. मायनं डाव्या हातानं घेतली, गुडघ्यावर मोडायला पाहिली, मोडेना. बानं मोडून दिली. तिनं दोन्ही तुकडे चुलीत सारले. वाळलेलं लाकूड, छान पेटलं. त्यावर दुसऱ्या दिवशीच्या पुरणाची डाळ शिजायला ठेवली आणि मला म्हणाली, "यमे, बघत काय उभी, डाळ उतू जाईल."

पोळा झाल्यावर आठव्या दिवशी बानं अमडापूरच्या बाजारातून नवी पराणी आणली. शेती आहे म्हटल्यावर आणावीच लागते. ती घेऊन तो फाटकात आला आणि मायनं उंबरठ्यावरूनच गोठ्याकडे बोट केलं. तो वळला. त्यानंतर ती काठी कायम गोठ्यातच राहिली, आणि घरातल्या त्या खुंटीला मायनं स्वतःची पिशवी टांगली.